‘त्यात सेवा कसली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या गावचे शिक्षक आणि माजी सरपंच गुरुजी यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती आधी इथे देतो. तुम्ही लिहिलंय: "साने गुरुजींच्या अमळनेर तालुक्यात हल्ली कोणीही गुरुजी होतो. दाखल्यावर सही करणं हे सरपंचाचं कामच आहे, त्यात सेवा कसली? या माणसाने पक्ष बदलला ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. पाडळसरे धरण इतकी वर्षं रखडलं तेव्हा हे पुढारी कुठे होते? शिक्षकाने वर्गात शिकवावं, राजकारणात पडू नये. आणि हातपंप कधी झाला, नळयोजना कधी झाली, याचा लेखात मेळ नाही."

हातपंपाचं तुमचं बरोबर आहे. हातपंप आणि नळयोजना मी एकाच वाक्यात लिहिली, मध्ये बरीच वर्षं गेली होती. लेखात तेवढी दुरुस्ती केली आहे.

आता तुमच्या भाषेबद्दल. मतभेद मला चालतात. पण गुरुजींना जाऊन अजून वर्षश्राद्धही झालेलं नाही. त्यांची लेक हा लेख वाचते, खालच्या प्रतिक्रियाही वाचते. ज्यांना तुम्ही "या माणसाने" म्हणालात त्यांना आमच्या गावातली शेंबडी पोरं आणि तालुक्याचे आमदार सारखेच वाकून नमस्कार करायचे. आपल्या खानदेशात मोठ्या माणसाशी भांडायचं झालं तरी आधी आप्पा, नाना, आबा काहीतरी लावतो आणि मग भांडतो. "आबा, तुमचं चुकलं" असं तोंडावर म्हणतो. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही इकडचेच दिसता, तेव्हा हे तुम्हाला मी शिकवायला नको. शिवाय प्रतिक्रियेखाली स्वतःचं नावही नाही. आपलं नाव झाकून गेलेल्या माणसाच्या नावावर चिखल टाकायचा, याला टीका म्हणत नाहीत.

साने गुरुजींचं नाव तुम्हीच काढलंत. मग त्यांचं आयुष्यही नीट बघा. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरून घेतली. १९३६ च्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी ते गावोगाव फिरले. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. शिक्षकाने राजकारणात पडू नये हा तुमचा नियम सगळ्यात आधी कोणाला लागू होतो, ते तुम्हीच पाहा. आमच्या गुरुजींची मी त्यांच्याशी बरोबरी केलेली नाही. गुरुजींनी ती स्वतः सहन केली नसती. आणि वर्ग सोडून राजकारण केलं म्हणता, तर झेडपीच्या शिक्षकाला नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही. ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावरच त्यांनी ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. एवढं विचारून घेतलं असतं तरी चाललं असतं.

मला खरा राग आला तो दाखल्याच्या वाक्याचा.

सरपंचाचं काम काय, ते १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात आहे आणि सही करणं त्यात येतं. याबद्दल वाद नाही. पण सहीपर्यंत माणूस पोचायला हवा ना? आमच्या गावात एका बाईचा नवरा शेतात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. पदरात दोन पोरं. नोंद कोणी केली नाही; घरात मयत झालेली असताना ग्रामपंचायतीत कोण जातं? पुढे तिला कोणीतरी सांगितलं की निराधार योजनेतून महिन्याला पैसे मिळतात. ती तलाठ्याकडे गेली. तलाठी म्हणाला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आण. ग्रामपंचायतीत गेली, तर वर्ष उलटून गेलेलं. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षानंतरच्या नोंदीला तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. म्हणजे अमळनेरचं कोर्ट. जिने उभ्या जन्मात कोर्टाची पायरी पाहिली नव्हती, तिने वकील गाठायचा, साक्षीदार न्यायचे, तारखा घ्यायच्या, आणि प्रत्येक तारखेला मजुरी बुडवायची. गुरुजी तिच्याबरोबर एसटीने गेले. एकदाच गेले असंही नाही, आदेश हातात पडेपर्यंत जात राहिले. साक्षीलाही स्वतः उभे राहिले. मग दाखला निघाला, मग उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मग तहसीलमध्ये अर्ज, आणि अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय याची चौकशी. या सगळ्यात सरपंचाची सही दोन ठिकाणी लागायची. तुम्हाला ती दोन ठिकाणं दिसली.

गुरुजींची एक खाकी कापडाची पिशवी होती. तिच्यात शाईचं पॅड, कोरे फुलस्केप, दोऱ्याने एकत्र बांधलेली दोन पेनं आणि कोर्ट फीचे स्टॅम्प असायचे. स्टॅम्प ते स्वतःच्या पेन्शनमधून आणून ठेवत, कारण खेड्यातून आलेल्या माणसाचा अर्ज स्टॅम्पवाचून परत गेला तर त्याचा दिवस वाया जातो. सकाळच्या गाडीआधी एसटी स्टँडवरच्या ओट्यावर बसायचे. मांडीवर शाळेतली जुनी पाटी पालथी टाकायची आणि तिच्यावर कागद ठेवून लिहायचं. आधी माणसाला बोलू द्यायचे, मग लिहायचे, मग लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "असंच म्हणायचं होतं ना?" अंगठा उठवणाऱ्यालासुद्धा वाचून दाखवायचे. आपण कशावर अंगठा देतो हे माणसाला कळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. सरपंचपद गेल्यावरही ती पिशवी आणि तो ओटा सुटला नाही. तेव्हा तर सही करण्याचा अधिकारही नव्हता आणि मानधनही नव्हतं. मग ते कुठल्या कामाचा मोबदला घेत होते, सांगा.

यावर तुम्ही म्हणाल, मतांची पेरणी. थेट लिहिलं नसलं तरी तुमचा रोख तोच आहे. म्हणून माझं स्वतःचं सांगतो.

माझे वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं, मालक बदलला की बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जायचं, हे आमच्या घरी नेहमीचं. मी तिसरी पास झालो त्या आखाजीला वडिलांनी नवीन मालक धरला. मालकाने वरून थोडी ज्वारी कबूल केली, अट एवढीच की पोरगा ढोरं चारायला यायचा. वडिलांनी हो म्हटलं. घरात खाणारी तोंडं किती होती ते मला माहीत आहे, मी त्यांना आजही दोष देत नाही. गुरुजींना हे कळलं तसे ते सायकलवर त्या गावी आले. मालकाच्या खळ्यात ते उभे होते आणि मी गव्हाणीजवळ उभा होतो. ते मालकाला एवढंच म्हणाले, "ढोरे चाराले दुसरा देख, हाऊ पोऱ्या मना वर्गाना शे." आवाज चढवला नाही. मालक हसला, वडील खाली मान घालून उभे राहिले. गुरुजी बाजेवर बसले आणि मालक हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. वडिलांची ज्वारीही कमी होऊ दिली नाही. जूनमध्ये माझा शाळा सोडल्याचा दाखला खिशात घालून ते पुन्हा आले आणि नव्या गावच्या शाळेत मला चौथीच्या पटावर स्वतः चढवून गेले.

त्या वेळी गुरुजी कोणत्या निवडणुकीला उभे होते? माझ्या वडिलांचं मत तर त्यांच्या गावातही नव्हतं. सालदाराचं नाव कुठल्या गावच्या यादीत असायचं हाच प्रश्न असायचा. त्या दिवशी गुरुजी खळ्यातून तसेच उठून गेले असते तर मी पुढे शिकलो नसतो. तुम्ही ज्याच्यावर तुटून पडलात तो लेख मी लिहू शकलो, तो त्यामुळे. त्या खळ्यातल्या बाजेची तुम्हाला कल्पना नसेल, तर निदान जपून लिहा.

आणखी एक सांगतो, ते मूळ लेखात राहून गेलं. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदाची आरक्षणं निघू लागली आणि गुरुजींची एक मुदत झाल्यावर पद आदिवासी महिलेसाठी राखीव निघालं. तेव्हा गावोगाव काय चालायचं ते आपण दोघंही जाणतो. बाई नावाला आणि शिक्का दुसऱ्याच्या खिशात. भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लवस्तीतल्या, एक बाई निवडून आल्या. गुरुजींनी शिक्का पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात दिला. मग रोज संध्याकाळी त्यांना ओट्यावर बसवून नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, वाचायला शिकवला. कोणाचं घर किती फुटांचं लावलंय, पट्टी किती, थकबाकी कोणाची. या बाईंना आधी जेमतेम सही येत होती. काही महिन्यांनी मासिक सभेत त्यांनी एका बड्या घराची थकबाकी नावानिशी वाचून दाखवली. सभा गप्प झाली. त्या घराने पुढे गुरुजींशी बोलणंच टाकलं, आणि त्या घरामागे मतं किती होती हे गुरुजींना चांगलं ठाऊक होतं. मतं पेरणारा माणूस हे करत नाही.

पक्षाचं म्हणाल तर ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, तिथे पॅनल असतात. पंचायत समितीला त्यांनी एकदा चिन्ह बदललं, ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्यावर मला काही बोलायचं नाही. पाडळसरेचं तर विचारूच नका. ते धरण म्हणजे निम्न तापी प्रकल्प, तो सरकारचा, काम तापी महामंडळाचं, पैसा मुंबईतून सुटायचा. त्याचा जाब एका गावच्या माजी सरपंचाला, तोही तो गेल्यावर विचारायचा, ही कुठली रीत?

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, दोघातिघांनी तसं सुचवलं तरी. ती तिथेच राहील आणि तिच्याखाली हे उत्तर राहील. गुरुजींच्या कारभाराबद्दल तुमच्याकडे काही ठोस असेल, एखादा ठराव, एखादा कागद, तर नाव लावून लिहा. मी त्यालाही उत्तर देईन. पण "कोणीही गुरुजी होतो" हे वाक्य तुम्ही मागे घ्यावं, अशी माझी मागणी आहे. माझ्याकडे नाही, त्यांच्या लेकीकडे मागे घ्या. ती या पानावर येते, तिला दिसेल असं इथेच लिहा.