मागच्या चाकातलं कुईकुई आणि दोनदा बदललेले लायनर

चार महिने झाले, ब्रेक मारला की आमच्या गाडीच्या मागच्या चाकातनं कुईईई. बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटला लाईनीत पुढं पुढं सरकताना तर पुढचा गाडीवाला पण वळून बघायचा. गॅरेजला नेली तर ड्रम (चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा) न उघडताच उत्तर तयार, लायनर (ड्रमला आतनं घासून चाक थांबवणारी पट्टी) संपलेत. घातले नवीन. आठ दिवसांत परत तेच, मग म्हणे ह्या कंपनीचा माल बरा नाही, दुसरे घालूया. तेही घातले की! पैसे गेले, आवाज जिथल्या तिथं.

राग पैशाचा नाही (थोडा आहेच), आवाज नेमका कधी येतोय हे एकानं पण विचारलं नाही ह्याचा आहे.

शेवटी उद्यमबागकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. म्हटलं मामा, लायनर नवीनच आहेत. म्हणाले, "असूदेत की, आधी एक चक्कर मारून येऊया." मोकळ्या रस्त्याला १५-२० च्या स्पीडला त्यांनी हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि लिव्हर हळूहळू वर घेतला, लगेच कुईईई! आमच्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणजे पुढच्या ब्रेकचे पॅड, डिस्क सगळे संशयातनं सुटले. ब्रेक न मारता घुंघुं आला असता आणि वळणावर कमीजास्त झाला असता तर आधी बेअरिंग बघितलं असतं म्हणाले.

ड्रम काढला आणि माझंच बोट धरून आतनं फिरवलं. काठाला नख अडकेल एवढी कड! मधला भाग झिजून खोल गेलेला, त्यात नवा लायनर पूर्ण टेकतच नव्हता, कडेलाच घासून तिथं काचेसारखी चकाकी आलेली. वर ड्रमच्या मागच्या प्लेटवर शू (लायनर ज्याच्यावर बसवलेला असतो तो लोखंडी तुकडा) जिथं टेकून सरकतो त्या जागा कोरड्या ठणठणीत, गंजलेल्या. आता जुन्या ड्रममध्ये कितीही नवे लायनर घाला, काय उपयोग?

ड्रम लेथवर लावून आतनं सपाट करून घेतला (आतनं किती मापापर्यंत चालतो ते ड्रमवरच लिहिलेलं असतं, त्याच्या पुढं गेला की भंगार), लायनर पॉलिश पेपरनं घासले, प्लेटवर ब्रेकचं ग्रीस नखाएवढंच, कारण लायनरला लागलं तर ब्रेकच धरणार नाही. आतली धूळ पण हवा मारून उडवली नाही, ओल्या फडक्यानं पुसली, ती नाकात जाऊ नये म्हणून.

आता आवाज बंद. पावसात रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखरते, तो ड्रमवर धरलेला गंज, आपोआप जातो, त्याच्यासाठी मी कुठल्या गॅरेजला जाणार नाही.