टाळ्या कसल्या वाजवताय?

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. टेबलावर नशेच्या चार पुड्या, मागे छाती काढून उभे असलेले साहेब लोक आणि मध्ये तोंडावर काळा बुरखा घातलेलं हाडकुळं पोरगं. खाली टाळ्या, तिरंगे, 'सलाम खाकी'. डोकं फिरलं माझं!

अरे, ते पोरगं पुडी ओढणारं आहे. विकणारा कुठाय? कोपरखैरण्यात कुठल्या कोपऱ्यावर काय मिळतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. फक्त ज्यांनी शोधायचं त्यांनाच सापडत नाही.

आमच्या मागच्या लाइनीत एक काकू आहेत. नवरा मार्केटला माथाडी. मुलगा एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीच्या नादी लागला. आधी घरातला सिलिंडर गेला, मग काकूंचं डोरलं. शेवटी त्या माउलीने स्वतः जाऊन पोलिसांना हात जोडले, "साहेब, पोराला यातून सोडवा." उत्तर काय मिळालं? "घेऊन या, आत टाकतो. सरळ होईल." काकू उलट्या पावली घरी. कुठली चौकी ते लिहीत नाही.

आता गंमत ऐका. १९८५ चा तो कडक अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस, त्यातच कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर नशा केल्याबद्दल किंवा थोडा माल जवळ सापडल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. एमडीचं 'थोडं' म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. काकूंना हे एका हवालदाराने सांगितलं असतं तर? दोन वाक्यं हो. चहा संपायच्या आत सांगून होतात.

मान्य, पोलीस लागतातच. २०२० मध्ये न्हावाशेवा बंदरात १९१ किलो हेरॉईन पकडलं, बांबूसारख्या रंगवलेल्या पाइपांत, ज्येष्ठमधाच्या नावाखाली आलेलं. ते काही डॉक्टर पकडणार नव्हते. (ते पकडलं कस्टम्स आणि डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर खात्याने, पण असो.) तिथे मीही टाळ्या वाजवीन. कंटेनर पकडा, कारखाने फोडा, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या विकतो त्याची कॉलर धरा. काकूंच्या पोराची कॉलर धरून काय मिळतं? आकडा वाढतो, बस.

आणि आपण तरी काय कमी? 'गर्दुल्ला' म्हणून मोकळे होतो. काकूंच्या हळदीकुंकवाला यंदा लाइनीतली किती घरं गेली, विचारा स्वतःला.

परवा काकू भाजीला भेटल्या. पोराला साताऱ्याकडे मामाकडे पाठवलंय म्हणाल्या. तिथे जवळपास दवाखाना नाही. पण निदान पोलीस तरी नाहीत, म्हणाल्या. यावर मी काय बोलणार होते?

१४४४६. व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, पोलिसांचा नाही. कुणाच्या घरी गरज असेल तर लावा. माझ्या इनबॉक्सला लिहिलंत तरी चालेल. फक्त 'कुठल्या काकू गं?' हे विचारायला येऊ नका. सांगणार नाही.