'खाजवू नकोस' म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

ऑफिसच्या दाराशी हजेरीचं मशीन आहे, अंगठा लावायचा, हिरवा दिवा लागला की आत. माझा लागतच नाही. आधी उजवा अंगठा, मग डावा, मग तर्जनी, मग कपड्याला पुसून परत उजवा, मागे रांग वाढत चाललीये आणि मशीनमधली ती बाई थंडपणे 'पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा'. कारण काही गूढ नाही, बोटांची टोकं इतक्यांदा सोलून निघालीत की रेषाच धड उरल्या नाहीत. शेवटी एचआरने वैतागून माझ्यासाठी एक वही ठेवली. अख्ख्या ऑफिसात सही करून आत जाणारी मी एकटीच, नवीन जॉइन झालेल्यांना वाटतं ही कोण मोठी पाहुणी आलीये.

एक्झिमा. इसब. डॉक्टर कागदावर अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस लिहितात. आई सांगते तू पाच-सहा महिन्यांची असल्यापासून गाल लालबुंद असायचे, आता चाळिशी ओलांडली. मध्ये बारा-तेरा वर्षं अजिबात नव्हता, सगळे म्हणायचे वयात आली की जाईल, आणि गेलाही, आम्ही विसरूनही गेलो, मग बाळंतपणानंतर दिवसातून चाळीस वेळा हात धुणं सुरू झालं आणि साहेब परत हजर. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग तळहात, मग कोपराच्या आतल्या बाजूला, मान, आणि शेवटी पापण्या. पापण्यांवर आला की माणूस रात्रभर रडल्यासारखा दिसतो, लोक बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात, घरी सगळं ठीक ना गं?

आज हे लिहायला बसले कारण काल शेजारी बसलेल्या एका ताईंनी माझा हात बघितला आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "अगं खाजवू नकोस, वाढेल." ताई, मला माहितीये वाढेल. खाजवलं की कातडीचा वरचा थर फाटतो, आत बाहेरचं सगळं शिरतं, सूज वाढते, सूज वाढली की खाज वाढते, खाज वाढली की परत हात जातो, हे चक्र मला तोंडपाठ आहे. पण खाज ही काही आपण ठरवून करायची गोष्ट नाही ना हो. शिंक आलेल्या माणसाला कुणी सांगतं का शिंकू नकोस म्हणून? आणि मी सगळ्यात जास्त खाजवते ते झोपेत. रात्रीच खाज चढते, अंगातलं कॉर्टिसॉल, म्हणजे सूज आवरणारं हार्मोन, रात्री कमी असतं, पांघरुणात कातडी गरम होते, वर दिवसभर जसं लक्ष दुसरीकडे असतं तसं रात्री नसतं. नवरा सांगतो खर्र खर्र आवाज येतो, उंदीर पुठ्ठा कुरतडतोय असा, तो हात धरून ठेवतो आणि मी झोपेतच दुसऱ्या हाताने सुरू. सकाळी चादर झटकली की पांढरा कोंडा उडतो आणि खाली बारीक लाल ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. गडद रंगाच्या चादरी का घेते असं नणंद विचारते, तर हे कारण.

वर्षानुवर्षं मी खाजेच्या गोळ्या घेतल्या आणि सकाळी डोकं जड करून ऑफिसला गेले. खूप उशिरा कळलं की त्या गोळ्या अडवतात ते हिस्टामिन, ऍलर्जीत अंगात सुटणारं रसायन, आणि या आजारातली खाज बहुतेक वेळा हिस्टामिनची नसतेच, ती वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे त्या गोळ्या फार तर झोप आणतात, खाज तशीच. हे दहा वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर निदान सकाळच्या मीटिंगा तरी जागेपणी झाल्या असत्या.

आता उपाय. ज्याला हा आजार असतो त्याला उपायांची कमतरता कधीच पडत नाही, लग्नात, लिफ्टमध्ये, अनोळखी माणूससुद्धा देतो. रेशमाचे कपडे घाल, पाण्याला मशीन बसव, पाणी जड आहे त्याने होतंय, आंघोळीच्या पाण्यात तेल टाक. मी सगळं केलं, पैसे घालवून केलं. गंमत म्हणजे या तिन्ही गोष्टी ब्रिटनमध्ये मुलांवर नीट तपासून झाल्यात. पाणी मऊ करणारं मशीन २०११ मध्ये, ३३६ मुलं, १२ आठवडे, चट्ट्यांत फरक नाही. खास रेशमी कपडे २०१७ मध्ये, ३०० मुलं, फरक नाही. आंघोळीत टाकायचं तेल २०१८ मध्ये, त्यातही सांगण्यासारखा फायदा नाही. हे वाचलं तेव्हा मी रेशमी हातमोजे घालून बसले होते, खरंच. रागही आला आणि हसूही आलं.

पण कपडे आणि मशीन परवडले हो. खरी वाट लावली ती एका शब्दाने, 'मुळापासून'. आम्ही मुळापासून घालवतो, ते डॉक्टर फक्त वरवर दाबतात, असं कुणी म्हटलं की मी लगेच उठून निघायचे. प्रत्येकाचं मूळ वेगळं. एकाचं पोटात, एकाचं रक्तात, एकाचं माझ्या रागीट स्वभावात (त्या गृहस्थांना भेटल्यावर स्वभाव अजून रागीट झाला). एकाने खाण्यातल्या इतक्या वस्तू एकदम बंद केल्या की तीन महिन्यांत वजन सात किलोने उतरलं, चट्टे होते तिथेच. काही जणांना, विशेषतः लहान बाळांना, खाण्याची ऍलर्जी खरोखर असते, ते नाकारत नाहीये मी, पण ती नीट तपासून ठरवायची असते, अंदाजाने सगळं ताट रिकामं करायचं नसतं.

मूळ म्हणाल तर ते थोडंफार सापडलंय. फिलाग्रिन नावाचं एक प्रोटीन आपल्या कातडीच्या वरच्या थरात असतं, कातडीतला ओलावा धरून ठेवायला ते लागतं. ते बनवणाऱ्या जीनमध्ये बिघाड असला की इसबाची शक्यता बरीच वाढते हे २००६ मध्ये समोर आलं. सगळ्या इसबवाल्यांत हा बिघाड नसतो आणि बिघाड असलेल्या सगळ्यांना इसब होत नाही, म्हणजे गोष्ट तेवढी सरळ नाहीच, पुढे प्रतिकारशक्तीचा अतिउत्साह, हवा, साबण, घाम, टेन्शन सगळे येतात. पण भिंतीचा गिलावाच कच्चा असेल तर कुणी काढा देऊन तो मुळापासून कसा बदलणार, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. विचारला नाही. आशा असली की माणूस प्रश्न विचारत नाही.

आणि भीती. स्टिरॉइडची भीती. माझ्याकडे डॉक्टरांनी दिलेली ट्यूब कायम असायची पण मी ती वापरायचे कशी, तर मुंगीएवढा ठिपका, बोटावर दिसेल न दिसेल असा, तो अख्ख्या हाताला पुसायचा, दोन दिवस, जरा लाली उतरली की लगेच बंद, कारण 'स्टिरॉइड आहे, सवय लागते, कातडी पातळ होते'. मग आठवड्यात परत भडका. मग निष्कर्ष काय, तर हे औषध मला लागू पडत नाही.

अशातच कुणीतरी एक मलम दिलं. साधी पांढरी डबी, वर फक्त नाव, आत काय आहे त्याचा एक शब्द नाही, 'शंभर टक्के नैसर्गिक, स्टिरॉइड अजिबात नाही'. दोन दिवसांत चेहरा साफ. दोन दिवसांत! पंधरा वर्षांत जे झालं नाही ते. मी रडले, आईला फोन केला, तीन मैत्रिणींना डब्या दिल्या (त्यातली एक अजून नीट बोलत नाही). पाच महिने रोज लावलं, पापण्यांवर, मानेवर, सगळीकडे. मग एकदा डबी संपली आणि नवीन यायला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चेहरा भाजल्यासारखा लाल, पाणी सुटलेलं, साधं पाणी लावलं तरी चरचरायचं, उशीला गाल चिकटायचा. आरशात बघायचं बंद केलं होतं.

ज्या स्किनच्या डॉक्टरांकडे मग गेले त्या वयस्कर होत्या, कमी बोलणाऱ्या. डबी उघडून बघितली, बाजूला ठेवली, म्हणाल्या, "यात बहुतेक जोरदार स्टिरॉइडच आहे. दोन दिवसांत असा चेहरा दुसऱ्या कशाने साफ होत नाही." म्हणजे बघा, स्टिरॉइडला घाबरून जी बाई हाताला मुंगीएवढं मलम लावत होती तिने पाच महिने पापण्यांवर, जिथली कातडी अंगभरात सगळ्यात पातळ, तिथे ते ढिगाने चोळलं होतं. ही चूक कुणाची म्हणायची, डबीवाल्याची की माझी, यावर माझं आणि नवऱ्याचं अजून एकमत नाही.

चेहरा सावरायला बरेच महिने गेले, तो भाग सोडते. सांगायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. हातांवरचा इसब तर होताच, त्यासाठी त्यांनी परत ट्यूब लिहिली, मी नाव वाचलं, तीच जुनी. म्हटलं मॅडम, ही झालीये वापरून, काही उपयोग नाही. त्यांनी विचारलं, "एक ट्यूब किती दिवस पुरते तुम्हाला?" मी अभिमानाने सांगितलं, सहा महिने. "१५ ग्रॅमची? सहा महिने?" चष्मा काढून बघितलं त्यांनी माझ्याकडे. मग ड्रॉवरमधून एक ट्यूब काढली, माझी तर्जनी धरली आणि टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक सरळ पट्टी काढली. टूथपेस्ट काढतात तशी. म्हणाल्या, हा अर्धा ग्रॅम, आणि हा दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरतो, बोटांसकट दोन तळवे. दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत पूर्ण भरलेले असतील तर अशा आठ पट्ट्या लागतात, म्हणजे एका वेळेला ४ ग्रॅम.

मी तिथेच मनात हिशोब केला. १५ ग्रॅमची ट्यूब चार दिवसही पुरायला नको होती, मी ती सहा महिने पुरवत होते. वीस वर्षं मी आगीवर चमच्याने पाणी शिंपडत होते आणि पाणीच खराब आहे म्हणून ओरडत होते.

भीतीबद्दलही त्यांनी उडवून लावलं नाही, हे मला आवडलं. कातडी पातळ होते हे खरंय, म्हणून चेहऱ्यावर वेगळं आणि सौम्य, तळहाताला जोरदार, किती दिवस लावायचं ते लिहून दिलं, आणि चट्टा पूर्ण बसेपर्यंत लावायचं, नुसती लाली उतरली म्हणून सोडायचं नाही, बोट फिरवून बघायचं, जाडसर लागलं तर अजून आहे. पापण्यांसाठी स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस दिलं, पहिले चार-पाच दिवस मिरची लावल्यासारखी आग होईल, घाबरून फेकू नका, असं आधीच सांगून. आग झाली. फेकलं नाही. आणि सगळं शांत झाल्यावरसुद्धा, ज्या जागी नेहमी उठतं तिथे आठवड्यातून फक्त दोन दिवस त्या जागेसाठी दिलेली तीच ट्यूब लावायची. चट्टा दिसत नसताना औषध लावायचं हे पचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बाकीचं काम साध्या मॉइश्चरायझरचं. कुठलं चांगलं, हा प्रश्न मी पन्नास जणांना विचारला असेल. २०२२ मध्ये याचीही तपासणी आली, लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम, ५५० मुलांवर, चारही सारखेच निघाले. म्हणजे जे रोज लावायचा कंटाळा येत नाही ते. मी वास नसलेलं क्रीम घेते, मोठा ५०० ग्रॅमचा डबा, कोमट पाण्याने झटपट आंघोळ, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच थापायचं. साबण जवळपास बंद, कातडी मुळात आम्लधर्मी असते आणि साबण उलट्या बाजूचा. एक सूचना मात्र देते कारण ती मला कुणी दिली नव्हती, ही मलमं मुरलेले कपडे आणि चादरी लवकर पेट घेतात, शेगडी-मेणबत्तीपासून जपा. आणि चट्ट्यांवर अचानक एकसारखे छोटे दुखरे फोड, सोबत ताप, असं झालं तर सकाळची वाट बघू नका, ते हर्पिसचं इन्फेक्शन असू शकतं, लगेच डॉक्टर.

नवीन औषधं आलीत हेही सांगितलं त्यांनी. २०१७ मध्ये आलेलं डुपिलुमॅबचं इंजेक्शन, मोठ्यांना दर दोन आठवड्यांनी, काहींचे त्याने डोळे लाल होतात. शिवाय जॅक इनहिबिटर नावाच्या गोळ्या, त्यांना रक्ततपासण्या लागतात. माझ्यासारख्यांनी आधी ट्यूब नीट वापरावी आणि तरी नाही जमलं तर तिकडे वळू, असं ठरलंय. ज्यांचं सगळं अंग भरलेलं असतं त्यांच्यासाठी ती इंजेक्शनं काय आहेत हे मी वेटिंग रूममध्ये ऐकलंय. एक कॉलेजचा मुलगा सांगत होता, सहा वर्षांनी पहिल्यांदा हाफ शर्ट घातला, आणि सांगताना सारखा स्वतःच्याच कोपराकडे बघत होता.

मी बरी झालीये का? नाही. परीक्षा मुलाची होती आणि इसब माझा उठला, गेल्याच महिन्यात. पण तो पाच दिवसांत बसला, आणि पाचही दिवस मी कुणाकडे मूळ शोधायला गेले नाही. डाव्या अंगठ्यावर अर्ध्या भागात रेषा परत दिसायला लागल्यात. मशीन अजून मानत नाही, वही चालू आहे.

आणि प्लीज, इनबॉक्समध्ये उपाय पाठवू नका. मावशीने ही पोस्ट टाकायच्या आधीच दोन पाठवलेत, एकात तर 'मुळापासून' तीनदा आहे.