‘पाडलेल्या’ लेखाबद्दल : बोटाच्या खाचेवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गेल्या आठवड्यात ‘सुऱ्याला बोटाची खाच हवी कशाला?’ हा लेख टाकला. त्यावरच्या एका प्रतिक्रियेला तिथल्या तिथे उत्तर देणार होतो, पण रात्री अकराला रागाने लिहिलेलं सकाळी वाचवत नाही, हे अनुभवाने शिकलोय. म्हणून तीन दिवस थांबलो. राग गेला नाही तो नाहीच.

मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी : न मिटणाऱ्या, म्हणजे फिक्स्ड ब्लेड सुऱ्यात मूठ संपते आणि धार सुरू होते त्यांच्या मधे कधी कधी एक अर्धगोल खाच काढलेली असते. तर्जनी मावेल एवढी. तिला फिंगर चॉइल म्हणतात. (धारेचं मुठीकडचं टोक म्हणजे धारेची टाच.) माझं म्हणणं एवढंच होतं की चार-पाच इंची कामाच्या सुऱ्यावर ही खाच म्हणजे पात्यावरची सगळ्यात मोक्याची जागा भाड्याने देऊन टाकणं. उदाहरणाला ईएसईई 4 हा एका अमेरिकन कंपनीचा सुरा घेतला होता.

आता प्रतिक्रिया, जशीच्या तशी : “लेख एकांगी आहे. खाचेत बोट घातलं की हात धारेजवळ जातो आणि बारीक कामात ताबा येतो, हे साधं कारण लेखकाला ठाऊक नाही. खाचेमुळे धार अगदी टाचेपर्यंत लावता येते. खुकरीलाही खाच असते, आपले पूर्वज मूर्ख नव्हते. ईएसईई 4 ची धार 4.5 नाही, 4.1 इंच आहे. लेखकाने असा सुरा कधी हातात धरलेला दिसत नाही, चार व्हिडिओ बघून लेख पाडलेला वाटतो. आणि असे सुरे बाळगणं कायद्यात बसतं का, हे लिहायची तसदीही घेतलेली नाही.”

आधी चूक कबूल करतो. 4.5 इंच ही ईएसईई 4 च्या पात्याची लांबी, धारेची 4.1. मी पात्याचा आकडा धारेचा म्हणून लिहिला. बरोबर पकडलंत, आभार. पण ही दुरुस्ती करताना आपण काय सिद्ध केलंत ते पाहिलंत का? साडेचार इंचांच्या पात्यातला जवळजवळ सेंटिमीटरभर तुकडा धारेविना जातो, आणि जातो तो थेट मुठीशेजारचा. माझ्या अख्ख्या लेखाचं रडगाणं तेच आहे.

आता ‘पाडलेला’. जिलब्या पाडतात हो. लेख पाडतात हे मी ऐकलंय, पण ते रोज एक टाकणाऱ्यांबद्दल. माझे वर्षाला चार-पाच लेख होतात, बायको म्हणते त्यातलेही दोन कमी कर. ‘एकांगी’ म्हणा, ‘चुकीचा’ म्हणा, ऐकून घेईन. पण ‘हातात धरलेला दिसत नाही’? दिसत नाही म्हणजे आपल्याला नेमकं कुठून दिसत नाही?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीत वाढलो. आमच्या घरात पडवीच्या आढ्याला तीन कोयते कायम खोचलेले असत आणि कुठला नारळाचा, कुठला जळणाचा, कुठला कुंपणाचा हे न विचारता कळत असे. इथे कोणीतरी म्हणेल, कोयत्यालाही मुठीजवळ धार नसते, मग तिथे का नाही ओरडत? कारण कोयता मारायचा असतो. त्याचं काम पुढच्या बाकात होतं, मुठीजवळ धार असली काय नि नसली काय. सुरा चालवायचा असतो. सुऱ्याचं जोराचं काम मुठीला लागून होतं. आजोबांनी हे मला शब्दांत सांगितलं नाही. विडीच्या थोटकाएवढी आंब्याची खुंटी सुरीने तासताना त्यांची तर्जनी धारेला जवळजवळ टेकलेली असे, ते मी बघत बसे.

पुढे नोकरीनिमित्त दोन वर्षं स्वीडनला होतो. तिकडे शाळेत ‘स्लोइड’ नावाचा हस्तकलेचा विषय सक्तीचा असतो, पोरं सुतारकाम शिकतात. दालार्ना प्रांतातल्या मोरा गावचे सुरे तिकडे आपल्याकडच्या बटाटे सोलायच्या पीलरसारखे घरोघरी. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची फुगीर मूठ, साधं सरळ पातं, आणि धार जेमतेम नखभर जागा सोडून मुठीतून सुरू. बोटाची खाच नाही. शेजारच्या फिनलंडचा पुक्को घ्या, तोही तसाच. लहान मुलांसाठी काढलेल्या सुऱ्यांना मुठीपुढे अडणी देतात, बोट घसरून धारेवर जाऊ नये म्हणून. सुरक्षेचा प्रश्न त्यांनी अडणीने सोडवला, धार कातरून नाही.

आणि हो, खाचेचा सुरा मी वापरलाय. तीन पावसाळे. शिवणीच्या लाकडाचे चमचे करतो मी, ते याच ब्लॉगवर फोटोंसकट आहेत. चमच्याची वाटी जिथे दांड्याला मिळते, तो गळा काढायचा तर डाव्या अंगठ्याने पात्याच्या पाठीला रेटा द्यायचा आणि धारेच्या टाचेने लाकूड कापायचं. मोऱ्याने तिथे पुठ्ठ्याएवढी जाड ढलपी एका दमात, वळत वळत निघते. खाचेच्या सुऱ्याने तीच ढलपी काढायला गेलो की लाकूड मुठीपासून आणखी दोन बोटं लांब जातं आणि सगळा पीळ मनगटात. यात माझं मत वगैरे काही नाही. पहार कुठे धरावी हे ज्याला कळतं त्याला हे कळतं.

मग बोट खाचेत घालायचं, असं आपण म्हणणार. घातलं. घातल्यावर तळहात पुढे सरकतो, मुठीचा मागचा भाग रिकामा राहतो आणि तर्जनी लाकडी मुठीऐवजी पोलादाच्या काठावर येते. ईएसईई 4 चं पातं अर्धं सूत कमी पाव इंच जाड, मिलिमीटरमध्ये 4.8. अर्धा तास तेवढ्या काठावर जोर देऊन बघा, बोटाच्या पेराखाली लाल रेघ उमटते. दोन मिनिटांच्या व्हिडिओत ती उमटत नाही. (बघा, व्हिडिओ मीही बघतो.)

दुसरं म्हणजे खाचेत बोट घातलं की त्याच्या पुढ्यात काय असतं? धारेची टाच. अडणी मागे राहिली, बोट तिच्या पुढे आलं. एका पावसाळी ट्रेकला तंबूच्या खुंट्यांसाठी वाळकी कारवी तासत होतो, मित्राचा सुरा, कंपनीचं नाव घेत नाही. हात ओले. बोट खाचेतून दाणाभर पुढे सरकलं तेवढं पुरलं. तर्जनीच्या आतल्या बाजूला तीन टाके. खालच्या गावातल्या डॉक्टरांनी टाके घालताना “कोयता का?” असं विचारलं आणि मला लाजेने सांगता येईना की नाही, बोट सुरक्षित राहावं म्हणून केलेल्या जागेत लागलंय. सुरा नीट धरता आला नाही म्हणाल. म्हणा. पण ‘हातात धरलेला दिसत नाही’ असं निदान या बोटाबद्दल बोलू नका.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. दोरी ओढून कापताना, किंवा पोत्याचं तोंड उसवताना, सुतळी सरकत येते आणि खाचेत अडकून बसते. तिथे धार नाही. मग सुरा बाहेर काढा, पुन्हा घाला. बारीकसारीक आहे, पण दिवसातून सहा वेळा झालं की शिवी येते.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. धार टाचेपर्यंत लावायला खाच लागते हे खरं, पण ती खाच वेगळी. मसूर मावेल एवढी पुरते, तिला शार्पनिंग चॉइल म्हणतात आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन्हींना चॉइलच म्हणत असल्याने घोळ होतो. तो माझ्या लेखात नाही, आपल्या प्रतिक्रियेत आहे.

खुकरी. तिची खाच मुठीजवळ असते, नेपाळीत तिला कौडी किंवा चो म्हणतात आणि ती कशासाठी याच्या कथा ऐकाव्या तेवढ्या थोड्या : कोणी गायीचं खूर म्हणतं, कोणी रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून म्हणतं. त्यातली कुठलीही खरी धरा, तिच्यात बोट मावत नाही. करंगळीसुद्धा नाही. तेव्हा खुकरीला मधे ओढायचं कारण काय? आणि ‘आपले पूर्वज’ नेपाळचे असतील तर मी शब्द मागे घेतो, माझे राजापूरचे.

बारीक कामातला ताबा, हा आपला पहिला आणि खरं तर एकमेव मुद्दा. सात-आठ इंची, जड पात्यावर हात पुढे न्यायला खाच कामाला येते, हे मी लेखाच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलंय. तो आपण वाचलेला नाही, किंवा वाचून सोडून दिलात. दोन्हीपैकी कुठलं जास्त वाईट ते आपणच ठरवा. जाड हातमोजे घालून, थंडीत वगैरे, तेही एक आहे म्हणतात. आपण सह्याद्रीत फिरतो, असू दे.

कायदा : 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्रात धरलं जातं, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. चार इंची सुऱ्याच्या लेखात हे का लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण आता लिहिलं.

चिडून लिहिलं असेल तर सांभाळून घ्या. पुण्यात असाल तर एखाद्या रविवारी सकाळी या, शिवणीचे दोन ओले तुकडे ठेवतो. आपण आपला खाचेचा सुरा आणा, मी मोरा घेतो, एकेक चमच्याचा गळा काढू. चहा माझ्याकडे. येताना खरं नाव घेऊन या म्हणजे झालं.

4.1 ची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे. बाकी मजकूर होता तसाच आहे.