उंदीर, मामा आणि होडीचा विमा

मी पुण्यात आयटीत आहे म्हणजे मला इंग्रजी येतं आणि इंग्रजी येतं म्हणजे इन्शुरन्सची पॉलिसी कळते, असं मालवणजवळच्या देवबागला राहणाऱ्या आमच्या मामाचं सरळ गणित आहे. त्यामुळे नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी सव्वासातला त्याचा फोन आला तेव्हाच कळलं, काहीतरी कागदाचं लचांड आहे.

झालेलं असं की पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, मामाची फायबरची होडी नेहमीसारखी वर ओढून माडाखाली झापं टाकून ठेवलेली. मशीन, म्हणजे होडीला मागे अडकवायचं इंजिन, घरात आणलं पण पेट्रोलची नळी होडीतच राहिली. आता झापं काढली तर आत उंदरांचा अख्खा वाडा! नळी तीन ठिकाणी कुरतडलेली, दोन लाइफ जॅकेटांचा फोम उपसून बाळंतपणाची सोय केलेली, एकाची तर बाळंतीण अजून आतच होती, आणि जाळ्याचं विचारूच नका. जाळं सोडून खर्च साडेचार हजार. मामाने २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा घाबरून विमा काढला, तेव्हापासून हप्ता एकदाही चुकवला नाही आणि क्लेमही एकदाही टाकला नाही, आणि आता ते सगळे पैसे त्याला उंदरांच्या मार्फत वसूल करायचे होते.

पीडीएफ ३४ पानांची. फोन स्पीकरवर, तिकडे मामा, मामी आणि बहुतेक शेजारचे दोघंतिघं, कारण खोकले वेगवेगळे येत होते.

पहिलाच शब्द, समुद्रातले धोके. वाचून बरं वाटलं, म्हटलं आला की आपला समुद्र! मग त्याचा अर्थ शोधला. आपला सागरी विम्याचा कायदा १९६३ चा, त्याच्या शेवटी लिहून ठेवलंय की समुद्रातले धोके म्हणजे अचानक आलेलं संकट, वाऱ्याचं आणि लाटांचं नेहमीचं वागणं त्यात धरायचं नाही.

तिकडे शांतता. मग मामा म्हणाला, "झिला, वारो नि लाट सोडून दर्यात दुसरा असता काय रे?"

मी म्हटलं, मामा, माझा मॅनेजर रोज ओरडतो ते नेहमीचं वागणं, उद्या त्याने लॅपटॉप फेकून मारला तर तो धोका. हे त्याला पटलं, पण विम्याबद्दल नाही, माझ्या नोकरीबद्दल काळजी वाटली.

त्याच कायद्याला पॉलिसीचा एक जुना नमुना जोडलाय, त्यात राजे, राजपुत्र, शत्रू, चाचे असा सगळा दशावतार आहे. चोर म्हणजे दमदाटी करून नेणारा, गुपचूप नेलं तर तो त्यातला चोर नाही. आणि चाचे म्हणजे कोण, तर त्यात बंड करणारे प्रवासीसुद्धा येतात. हे ऐकल्यावर मामी लगेच, "म्हणजे ते मे महिन्यातले पाव्हणे! डॉल्फिन दिसले नाय म्हणून पैसे परत मागी होते ते!"

"मामी, पाहुण्यांचा विषय फोनवर काढू नकोस," मी जवळजवळ ओरडलोच, कारण आमच्या पॉलिसीत होडीचा वापर फक्त मासेमारी असा लिहिलाय, पाहुणे बसले की विमा बुडाला.

पुढे होडी गळते हे माहीत असून मालकाने ती समुद्रात नेली आणि त्यामुळे नुकसान झालं तर पैसे नाहीत. यावर मामा इतक्या पटकन "माका खय म्हायत होता?" म्हणाला की मला शंका आली, होडी गळते वाटतं.

मग मशीन. क्लॅम्प सुटून मशीन पाण्यात पडलं तर भरपाई नाही. पण वादळात होडीच बुडाली तर मशीनसकट मिळते. मामाने हे दोनदा वाचायला लावलं आणि शेजाऱ्यांना समजावलं, "म्हणजे मशीनान एकट्यान बुडूचा नाय. होडयेक घेवन बुडूचा." ३४ पानांचा इतका चांगला अनुवाद मला आठ वर्षांच्या इंग्रजीत जमला नसता.

जाळं पॉलिसीत नाहीच. नेहमीची झीज नाही. पहिले ५ हजार आपल्या खिशातले, म्हणजे साडेचार हजारांच्या क्लेमचा निकाल इथेच लागला होता, पण मामाला तत्त्वासाठी उंदरांपर्यंत जायचंच होतं. गेलो. आणि उंदीर सापडले. खरंच, नाव घेऊन. त्याच १९६३ च्या कायद्यात लिहिलंय की पॉलिसीत वेगळं काही म्हटलं नसेल तर उंदरांनी केलेल्या नुकसानीला विमा कंपनी जबाबदार नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा कायद्यात उंदीर बघितला. मामा म्हणाला, गणपती आठवड्यांवर आलाय, त्याच्या वाहनाक काय बोलूचा. वाहन म्हटल्यावर मोटारीच्या पॉलिसीत बसतं का बघू, असं मी म्हणणार होतो, पण मामाने ते सिरीयसली घेतलं असतं.

सांत्वन म्हणून सांगितलं की बार्सिलोनाच्या मध्ययुगीन समुद्री कायद्यात जहाजावर मांजर नसेल आणि उंदरांनी माल खाल्ला तर भरपाई जहाजमालकाच्या डोक्यावर असायची. हे सांगायला नको होतं. संध्याकाळपर्यंत मामीने कुठूनतरी पिवळ्या रंगाचं एक मांजर आणून होडीत बसवलं आणि मला हुकूम, आता मांजर ठेवलाव, हप्तो कमी करतत काय विचार.

एजंटला फोन लावून कॉन्फरन्सवर घेतलं, लाजत लाजत विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग एकदम उत्साहात म्हणाला, "सर, होडीचं नाही होणार, पण मांजराचा वेगळा प्लॅन आहे. वय किती?"

मी फोन ठेवणार तेवढ्यात मामा पलीकडून ओरडला, "थांब, थांब! त्येका उंदीर चावलो तर पैसे गावतले काय, ता आधी विचार!"