फोडणी बसणारच आहे ना?

आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. इंदूरच्याच एका मराठी मंडळातला महाप्रसाद. कुठलं मंडळ ते विचारू नका, कारण हे सगळीकडेच होतं. साडेआठ वाजलेले, परातीत पंधरा किलो उकडलेले बटाटे, वाफ निघतेय. सोलायला बसलेल्या पोराच्या अंगठ्याला कापडी पट्टी. कालची असावी, कडेने ओली, पिवळट. त्याच अंगठ्याने साल ओढायची आणि त्याच मुठीत बटाटा फोडायचा. थांबवलं तर शेजारचे दादा म्हणाले, "काकू, फोडणी बसणारच आहे ना! गरम झालं की सगळं मरतं."

जंतू मरतात हो, पण विष राहतं!

पिकलेल्या जखमेत, नाकात, अगदी धडधाकट माणसाच्या कातडीवरही स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो. ५ ते ६० अंश सेल्सियसमध्ये अन्नातले जंतू वाढतात, आणि परातीतला कोमट, ओलसर बटाटा त्यांना अगदी सोयीचा. साडेआठला हात लागलेला बटाटा साडेबाराला कढईत जातो. मधल्या चार तासांत हा जंतू बटाट्यात विष सोडू शकतो, आणि ते विष अर्धा तास उकळूनही जात नाही. वास नाही, चव बदलत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू होतात आणि आपण म्हणतो, श्रीखंड जड गेलं.

बरं, उपाय काय अवघड आहे? बटाटे साडेआठला उकडायचेच कशाला? अकराला उकडा, निवले की सोला आणि थेट कढईत टाका. आधी उकडायचेच असतील तर पसरट ताटात पातळ थर करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. ढीग करून झाकून ठेवले तर आतले तासन्‌तास कोमट राहतात. जखम साधी असेल तर धुवून पाणी न शिरणारी पट्टी आणि वर ग्लव्ह. पू असेल तर त्या दिवशी अन्नाला हातच लावायचा नाही. चपलांच्या स्टॉलवर बसवा त्याला.

ग्लव्हवरून आठवलं. पोळ्या वाढणाऱ्याच्या हातात ग्लव्ह होते, बघून सगळे खूश. त्याच ग्लव्हने त्याने फोन घेतला, देणगीची पाचशेची नोट घेतली आणि परत पोळीला हात. ग्लव्ह घातला की हात ओला-चिकट लागत नाही, म्हणून माणसाला धुवायची आठवणही होत नाही. घालायच्या आधी हात धुवायचे, आणि दुसऱ्या कशाला हात लागला की ग्लव्ह फेकून नवा. एवढं जमणार नसेल तर उघडा, धुतलेला हात आणि चिमटा बरा.

आणि धुणार कुठे? नळाशी साबण नाही, खिळ्याला एकच ओला टॉवेल, सकाळपासून तीसेक जणांनी पुसलेला. साबणाने धुतलेला हात त्याला पुसला की धुणं वाया, कारण ओल्या हाताला जंतू जास्त चिकटतात. फेस करून निदान वीस सेकंद चोळायचं. तळवे सगळेच चोळतात. राहतात अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांमधली बेचकी, आणि अन्नाला लागतात नेमकी टोकंच. म्हणून टोकं दुसऱ्या तळव्यावर घासायची. अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवायचं. नाक पुसलं, केसांना हात गेला, कच्ची भाजी निवडली, शौचाला जाऊन आलात, की परत धुवायचे. सॅनिटायझर चालतो म्हणाल, तर तेला-पिठाच्या हातावर तो काम करत नाही आणि उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर नीट चालतच नाही.

मान्य, पोरं पहाटे पाचपासून फुकट राबतात. आज्या हातानेच कालवायच्या हेही मान्य, पण ते दहा पानांचं, आणि कालवलं की लगेच पानात. पंधरा किलोला तो हिशोब लागत नाही.

न्यूयॉर्कची मेरी मॅलन स्वयंपाकीण होती, स्वतः ठणठणीत. १९०७ मध्ये कळलं की तिच्या हातून घरोघर टायफॉइड जातोय. गरम पदार्थातून नव्हे, संशय होता कच्चे पीच घातलेल्या आइस्क्रीमवर. म्हणजे आपली कोशिंबीरच की! शिजत नाही त्याला सगळ्यात स्वच्छ हात हवा, आणि आपण ती कालवायला देतो सगळ्यात रिकाम्या माणसाला.

२०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ शहराचा पहिला नंबर आपला. कचरागाडीचं गाणं वाजलं की ओला-सुका वेगळा घेऊन धावणारे आपण, आणि नळावर साबणाची वडी ठेवत नाही? ते बटाटे कुणी फेकून दिले नाहीतच. साडेबाराला फोडणी पडली. कदाचित कुणाला काही होणारही नाही.

त्या पोराचा राग नाही हो. पट्टी बदलून दिली तेव्हा हळूच म्हणाला, "काकू, मला कुणी सांगितलंच नाही." खरंच आहे. अंगठा चांगलाच सुजलाय, उद्या डॉक्टरकडे जा म्हटलंय.

उद्या परत पंगत आहे. दोन पंपवाल्या साबणाच्या बाटल्या मी आणतेय, जुन्या धुतलेल्या पंच्यांचे साठ तुकडेही. एक तुकडा एकदाच, मग बादलीत. तोटीचा ड्रम कुणाकडे आहे? सकाळी सातच्या आत हवा.