पेठेत राहावं का? आधी इमारतीचे हिशेब मागा

पुण्यात पेठेत राहावं की बाणेर-वाकडला घर घ्यावं, हा वाद जुना आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली, कसबा पेठ आणि मंडईची स्थानकं उघडली, आणि वादाला नवी धार आली. एका बाजूचं म्हणणं, पेठांत पुन्हा राहायला या, सगळं पायाखाली आहे. दुसरीचं म्हणणं, जिथे गाडी लावायला जागा नाही तिथे संसार कसा करायचा? इथे शिकागोत येणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही प्रश्न हाच असतो. डाउनटाउनला लूप किंवा साउथ लूपमध्ये राहायचं, की नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरात?

दोन्हीकडे चर्चा जागेचा भाव आणि प्रवासाचा वेळ यांभोवतीच फिरते. माझं ठाम मत असं, की शहराच्या मध्यात घर घेताना हे दोन आकडे नंतर पाहावेत. आधी इमारतीचे हिशेब पाहावेत, मग घराखालचा रस्ता.

लूपमधल्या उंच इमारतींत फ्लॅट घेतला की दरमहा असेसमेंट भरावी लागते, म्हणजे आपल्या सोसायटीचं मेंटेनन्स. त्यात लिफ्ट, दारवान, पाणी, बहुतेक जुन्या इमारतींत हीटिंगसुद्धा धरलेलं असतं. म्हणून आकडा मोठा दिसला की घाबरू नये आणि लहान दिसला की हुरळून जाऊ नये. कमी असेसमेंट हा अनेकदा धोक्याचा इशारा असतो, कारण राखीव निधीत पैसे न टाकता ती कमी ठेवलेली असते. समजा २०० फ्लॅटची चाळीस वर्षांची इमारत आहे, दर्शनी भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च ३० लाख डॉलर आला आणि निधीत फक्त ६ लाख आहेत. उरलेले २४ लाख म्हणजे सरासरी १२,००० डॉलर प्रत्येक घरावर येतात. यालाच स्पेशल असेसमेंट म्हणतात आणि मालकी हिश्श्यानुसार मोठ्या फ्लॅटला ती जास्त पडते. फ्लॉरिडात सर्फसाइडची इमारत २४ जून २०२१ ला कोसळून ९८ माणसं गेली. तिथेही मोठी दुरुस्ती वर्षानुवर्षं लांबली होती आणि निधी तुटपुंजा होता. त्यानंतर कर्ज देणाऱ्या संस्थाही इमारतीचे कागद बारकाईने मागू लागल्या.

इलिनॉय राज्याच्या कॉन्डोमिनियम (म्हणजे फ्लॅटमालकीच्या इमारतींच्या) कायद्याच्या कलम २२.१ प्रमाणे जुना फ्लॅट विकणाऱ्याने हे कागद खरेदीदाराला द्यायचे असतात: राखीव निधीची रक्कम, पुढच्या मोठ्या खर्चांचा अंदाज, आर्थिक पत्रक, चालू खटले, विम्याची माहिती. ते मागाच, आणि त्याबरोबर बोर्डाच्या, म्हणजे इमारतीच्या कार्यकारिणीच्या, बैठकांची गेल्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तंही मागा. आर्थिक पत्रक सगळं ठीक असल्याचं सांगत असतं, तेव्हा इतिवृत्तात ‘२३व्या मजल्यावर पुन्हा गळती’ ही ओळ तीनदा आलेली असते. वार्षिक अंदाजपत्रकाच्या किमान १० टक्के रक्कम राखीव निधीकडे जात नसेल, तर कर्जाला अडचण येऊ शकते.

कराचा सापळा वेगळा. शिकागो ज्या कुक काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिथे मालमत्ता कर एक वर्ष मागे चालतो, म्हणजे यंदाचं बिल गेल्या वर्षाचं असतं, आणि दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन होतं. आधीचा मालक ज्येष्ठ नागरिक असेल तर त्याच्या सवलतीमुळे बिल कमी दिसतं. तुम्ही स्वतः ज्येष्ठ नसाल तर ती सवलत तुम्हाला मिळणार नाही. सवलतीविना कर किती, ते काउंटीच्या असेसरच्या (मूल्यांकन अधिकाऱ्याच्या) नोंदीतून काढून घ्या. शिवाय खरेदीच्या दिवशी शहराचा हस्तांतरण कर असतो, खरेदीदाराला दर ५०० डॉलरमागे ३.७५ डॉलर. चार लाखांच्या फ्लॅटला ३,००० डॉलर झाले. पार्किंगची जागा बऱ्याच इमारतींत स्वतंत्र मालमत्ता असते: तिचा कर वेगळा, असेसमेंट वेगळी.

हिवाळ्याबद्दल दलाल बोलत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर. अनेक जुन्या टॉवरांत दोन नळ्यांची यंत्रणा असते. त्याच नळ्यांतून हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड पाणी फिरतं, दोन्ही एका वेळी नाही. बदल वर्षातून दोनदा, तोही सगळ्या इमारतीचा एकदम. एप्रिलमध्ये एखादा आठवडा अचानक तापला तर पश्चिमेच्या काचांचा फ्लॅट भट्टी होतो आणि एसी सुरूच होत नाही. कडाक्याच्या थंडीत उंच इमारतीत गरम हवा वर चढते आणि खालून थंड हवा ओढली जाते, म्हणून लिफ्टच्या दारांतून शिट्टी वाजते. जानेवारीत फ्लॅट पाहायला मिळाला तर सोडू नका. मुख्य दाराच्या फटीशी हात धरा, खिडकीच्या चौकटीवर ओल आहे का बघा.

रस्त्याची परीक्षा तीन वेळा घ्यावी: कामाच्या दिवशी पहाटे सहाला, शुक्रवारी रात्री अकराला आणि रविवारी सकाळी. पहाटे मागच्या गल्लीत कचऱ्याच्या गाड्या येतात. लेक, वाबाश, व्हॅन ब्युरेन आणि वेल्स या चार रस्त्यांवर उन्नत रेल्वे धावते. रुळांच्या पातळीवरच्या खिडकीत तिचा आवाज सर्वांत जास्त, आणि वळणावर चाकं किंचाळतात ती वेगळीच. रेड आणि ब्लू लाइन लूपखाली भुयारातून जातात, रात्रभर चालतात. त्या स्थानकाजवळचं घर म्हणजे गाडीशिवाय जगता येणारं घर. ग्रँट पार्कसमोर राहणाऱ्यांनी लोलापालूझा या संगीत महोत्सवाचे चार दिवस रस्ते बंद आणि खिडक्या थरथरत्या असतात हे धरून चालावं. लक्ष्मी रस्त्यावर राहणाऱ्याला विसर्जन मिरवणुकीचं गणित वेगळं समजावावं लागत नाही.

पार्किंगच्या वादात मात्र पुण्याने शिकागोकडून काय करू नये ते शिकावं. या शहराने २००८ साली रस्त्यावरचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला दिले आणि सुमारे १.१५ अब्ज डॉलर घेतले. पैसे लवकर संपले. आता सायकलमार्ग किंवा बसथांब्यासाठी मीटर काढायचा तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क असावं, हे मला पटतं. पेठांत ते लागू करा, त्यातून पदपथ करा, पण रस्त्यावरचा हक्क दशकांसाठी कुणाच्या नावे करू नका.

पुनर्विकासावरून तिकडे पुण्यात जे वाद चालतात, त्यातही इथला एक नियम लक्षात घेण्यासारखा आहे. महाराष्ट्रात सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. शिकागोत अख्खी इमारत विकायला २०१९ पासून ८५ टक्के मालकांची संमती लागते. ५१ मुळे अडवणूक करणारे दोन-चार जण निष्प्रभ होतात हे खरं, पण निवृत्त माणसाला मतदानात हरून घर सोडावं लागण्याची शक्यता वाढते. मला ५१ फार कमी वाटतात. निदान पर्यायी जागेचं भाडं आणि बँक हमी करारात असल्याशिवाय सही करू नये.

लूपची मोठी उणीव तिच्या घडणीतच आहे. दशकानुदशकं तिथे कचेऱ्या होत्या, घरं कमी. २०२० नंतर कचेऱ्या रिकाम्या झाल्या तशी संध्याकाळ ओस पडली. म्हणून २०२२ पासून शहर लासाल स्ट्रीटवरच्या जुन्या कचेऱ्यांची घरं करायला सार्वजनिक पैसा देतं, त्यातली किमान ३० टक्के परवडणारी असावीत या अटीवर. खाली दुकान, वर घर, शेजारी शाळा, हे जे शिकागो करदात्यांच्या पैशातून उभं करू पाहतंय ते सदाशिव, नारायण, कसब्यात आयतं आहे. रोजची डाळ, कढीपत्ता यांसाठी लूपमधल्या मराठी घराला रेड लाइनने लोयोलापर्यंत आणि तिथून १५५ नंबरच्या बसने भारतीय दुकानांच्या डेव्हन रस्त्याला जावं लागतं. मंडईशेजारी राहणाऱ्याला याची किंमत कळणं अवघड आहे. म्हणून पेठा रुंद रस्त्यांच्या नावाखाली पाडू नयेत असं मला वाटतं.

पण पेठेत घर घेणाऱ्याने भावनेच्या भरात जाऊ नये. शनिवारवाड्याच्या १०० मीटर आत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. तिथला जुना वाडा ‘लवकरच पुनर्विकास’ म्हणून दाखवला, तर परवानगीचा कागद हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. भाडेकरूंचे दावे आहेत का ते न्यायालयात शोधा. रस्त्याची रुंदी स्वतः मोजा, कारण एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण, तिच्यावर ठरतो. सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी जमा होतोय का, आणि तीस वर्षांपेक्षा जुनी इमारत असल्यास दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी झाली का, हे अहवालासकट विचारा. सचिव अहवाल द्यायला टाळाटाळ करत असेल, तर दुसरं घर शोधा.